माननीय सभासदांचा हिस्सा

लोकसभेत उच्चारलेला शब्द कधी नाहीसा होत नाही. तो टिपला जातो, तपासला जातो, छापला जातो आणि राष्ट्राच्या स्मृतीत कायमचा जमा होतो... पण हा डाग मघाशी चवलीएवढा होता, आता रुपयाएवढा झाला होता, आणि बडनेऱ्याहून सुटलेल्या पॅसेंजरच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात राष्ट्राची स्मृती लिंबाच्या लोणच्याच्या तेलात हळूहळू भिजत चालली होती. मनकर्णाबाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. तेलानं कागद आरपार झाला होता आणि मागच्या पानावरचे कोणी एक सभासद, कालव्यांच्या गाळाविषयी बोलणारे, त्यांच्या भाषणात उलटे शिरले होते.

भावजयीसाठी घेतलेली लोणच्याची बरणी पिशवीत कलंडली होती. बरणी आणि भाषण एका पिशवीत घालायचं कारण नव्हतं. खरं म्हणजे भाषण बरोबर घ्यायचंच कारण नव्हतं. माणूस जेव्हा अकोल्याच्या रजिस्टर कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला निघतो — म्हणजे वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा धाकट्या भावाला लिहून द्यायला — तेव्हा मुलीला वडिलांच्या शेतात हिस्सा मिळालाच पाहिजे हे स्वतःचंच भाषण वाटेत वाचायला घेत नाही. निदान शहाणं माणूस घेत नाही. पण सकाळी अमरावतीच्या घरातून निघताना हात आपोआप कपाटाकडे गेला, आणि हाताला का गेलास म्हणून विचारायची सवय बाईंना नव्हती. सोळा मिनिटांचं भाषण. वेळ बारा मिनिटांची होती. घंटा दोनदा वाजली होती. हिंदी त्यांची होती, म्हणजे वऱ्हाडी होती. टिपणाऱ्यांनी ती सुधारून घेतली होती, त्यामुळे छापलेल्या बाई खऱ्या बाईंपेक्षा बऱ्याच विद्वान दिसत होत्या.

समोरच्या बाकावरचे म्हणाले होते, या कायद्यानं भावाबहिणीचं प्रेम तुटेल. त्यावर — हे त्यांनी तयार करून आणलं नव्हतं, हे उभ्याउभ्या सुचलं होतं — ज्या मायेला चार एकरांचं ओझं पेलत नाही, ती माया मोडकीच होती म्हणायची. टाळ्या. मग मागून कोणीतरी, चेहरा दिसला नाही, नुसतं उपरणं दिसलं: बाई स्वतः घेणार काय वडिलांच्या शेतात हिस्सा? आणि त्या म्हणाल्या होत्या, निश्चित घेईन. आणि पुढे कंसात छापलं होतं: हशा.

हा हशा कशाला होता, ते आठ महिने त्यांना ठरवता आलं नव्हतं. प्रश्नाला असता तर कंस प्रश्नापुढे आला असता. कंस उत्तरापुढे होता. पण टिपणाऱ्याला काय, हशा संपल्यावरच तो लिहिणार... मी हसले होते का? मला आठवत नाही. मी खाली बसले, पदर सावरला, शेजारच्या बाईंनी हात दाबला, आणि मला वाटलं, झालं. आपण बोललो, आता कायदा झाला. मे महिन्यातली दुपार होती, पंखे फिरत होते, आणि मत देताना माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.

मेमध्ये कायदा झाला आणि जूनमध्ये वडील, आबा, गेले. ज्येष्ठातली षष्ठी, पातूरच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथल्या घरात, दुपारच्या झोपेत. तेरा दिवस सुतकात घरात वर्तमानपत्र आलं नाही, कोणी मागितलंही नाही. आणि त्या तेरा दिवसांत एकदा, पिंडाचा भात शिजत असताना, बाईंच्या मनात येऊन गेलं होतं की नव्या कायद्याच्या अमलाखाली मरणारे आबा जिल्ह्यातले बहुधा पहिलेच. ते मनात आलं म्हणून त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. भावजयीनं त्याचा अर्थ दुःख असा केला. तेही होतंच.

मूर्तिजापूरला गाडी थांबली आणि खिडकीत खुशालरावाचं डोकं दिसलं. बहिणीला न्यायला हा धाकटा भाऊ अमरावतीला आला होता, पण बसला होता तिसऱ्या वर्गात. बहिणीजवळ सरकारी पास होता, त्याच्याजवळ तिकीट होतं, आणि ज्याचं त्यानं आपापल्या डब्यात बसावं यात त्याला काही वावगं दिसलं नव्हतं.

“चाय घे, बाई. गरम हाय.”

“तू घेतली?”

“मी घेतो ना. तुही पिऊन होऊ दे, कप वापस द्या लागते.”

तो खिडकीखाली उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, टोपीखाली कानांवर केस पांढरे. आबा अर्धांगानं आडवे होते ती सात वर्षं यानं त्यांना उचललं, धुतलं, फिरवलं. बाई तेव्हा आधी शाळेच्या, मग महिला मंडळाच्या, मग देशाच्या कामात. बेचाळीसला त्या तुरुंगात गेल्या तेव्हा अमरावतीच्या घरी, यजमान म्हणजे मास्तर आणि दोन पोरांसाठी, दर सुगीला जवारीची पोती यानंच पाठवली. मास्तर वारले त्या वर्षीही पाठवली. पोत्यावर चिठ्ठी कधी नसायची. चिठ्ठी असती तर बरं झालं असतं, चिठ्ठीला उत्तर देता येतं.

“खुशाल, लुगडं कशाले आणलं रे?”

त्याच्या बगलेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. तो ते डब्यात ठेवून येईना. तिसऱ्या वर्गाचा भरवसा काय.

“आता सही करतात तं देतातच. अर्जनवीस नत्थुजी म्हणे, रिकाम्या हातानं येऊ नोका. सारेच देऊन राहिले.”

“मले लुगडं नको होतं.”

“मले मालूम हाय. पन लोक म्हनतील ना, खासदारनीले फुकटात गुंडाळलं.” आणि तो हसला. मनापासून हसला, कंस वगैरे काही नाही.

ते खरं होतं; सारेच देत होते. त्या हिवाळ्यात वऱ्हाडात बहिणींना जितकी लुगडी मिळाली तितकी कायदा होण्याआधीच्या दहा दिवाळ्यांत मिळाली नसतील. वर्षानुवर्षं ज्या बहिणीचं गाव कोणत्या मोटारीनं लागतं हे भावाला विचारावं लागायचं, तिच्या दारात तो आता खण-नारळ घेऊन उभा होता, भाचरांना उचलून घेत होता, मेहुण्याच्या म्हशीची चौकशी करत होता, आणि परत निघताना सहज म्हणत होता की सोमवारी जरा कचेरीत येऊन जा. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसांनी नवा मसुदाच छापून आणला होता, नुसती नावं भरायची. ज्यांचे बाप कायद्यानंतर मेले ते सह्या घेत होते, ज्यांचे आधी मेले ते घाबरून घेत होते, आणि ज्यांचे अजून जिवंत होते ते चौकशी करून जात होते. भावाबहिणीचं प्रेम तुटेल असं सांगणाऱ्या त्या सभासदांना हे एकदा आणून दाखवायला हवं होतं. बाईंनी मनातल्या मनात, सभापती महोदय, अशी सुरुवातही केली... पण गाडी सुटली आणि कप परत द्यायचा राहिला. खुशालराव डब्याबरोबर चार पावलं धावला, कप घेतला, चायवाल्याकडे फेकला, आणि लुगडं सांभाळत मागच्या डब्याकडे पळाला.

सही करायचीच, हे बाईंनी ठरवलं होतं. ते सोपं होतं. त्या सभागृहात म्हणाल्या होत्या, प्रश्न जमिनीचा नाही, तत्त्वाचा आहे — हेही छापलेलं होतं, डागाच्या जरा वर, अजून कोरडं. तत्त्व कायद्यात गेलं. जमीन खुशालची. त्याला तीन मुली, एक मुलगा. अठरा एकरांत नऊ एकर काढून घेतले तर तो माणूस उभा कसा राहील? हक्क असणं निराळं आणि घेणं निराळं. हक्क असल्याशिवाय सोडता कसा येईल? तेव्हा सोडणं हीच हक्काची खरी... या वाक्याच्या शेवटी काहीतरी चांगलं येत होतं, पण बोरगावच्या सिग्नलपाशी गाडी इतका वेळ उभी राहिली की वाक्यातला जोर गेला. मग त्यांनी भाषणाची घडी घालून पिशवीत ठेवली. या वेळी बरणीपासून दूर.

अकोल्याच्या कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली नत्थुजी अर्जनवीस उतरती पेटी समोर घेऊन बसले होते. बाईंना पाहून ते अर्धे उठले, पूर्ण उठायला गुडघे तयार नव्हते.

“या बाईसाहेब. आमच्या धंद्याले तुमीच तं बरकत आणली. बसा. मसुदा तयार हाय, वाचून दाखवतो. ‘मी राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमास्तव...’”

“बंधुप्रेमास्तव कोणी घातलं?”

“छापीलच हाय ते. साऱ्याईले तेच.”

बाजूला ओट्यावर एक बाई बसली होती. चाळिशीची, रापलेली, कोरं करकरीत लुगडं मांडीवर, नेसलेलं मात्र जुनंच. तिच्या शेजारी उभा असलेला माणूस तिचा भाऊ असणार; दोघांचं नाक एकच होतं. ती बाईंकडे एकटक पाहत होती, आणि मग उठून सरळ जवळ आली.

“तुमी त्याच ना? वलगावले सभा घेतली होती, बायाईची? मी पंचफुला. वलगावले देली मले. माहेर इथलं, बोरगावचं.”

“हो, त्याच.”

“तुमी म्हणे सांगतलं, पोरीचा बापाच्या वावरात हिस्सा हाये. मंग मी यायले सांगतलं,” तिनं हनुवटीनं भावाकडे दाखवलं. “देवमन म्हनते, आपुन आता हिंदू राहिलो नाई, दसऱ्याले नागपूरले जाऊन बौद्ध झालो, मंग तो हिंदूचा कायदा आपल्याले कायचा? खरं हाय का?”

“नाही. बौद्धांनाही लागू आहे. कलम दोन.” हे इतकं पटकन आलं की बाईंना स्वतःचंच बरं वाटलं. सभागृहात या कलमावर त्या बोलल्या नव्हत्या, पण पाठ होतं. सगळी कलमं पाठ होती. “तुमचे वडील कधी गेले?”

“दिवाळी झाल्यावर. दोन एकर हाय, विहीर नाई.” मग तिनं आवाज खाली घेतला, पण वऱ्हाडी माणसाचा खाली घेतलेला आवाज आवाराच्या फाटकापर्यंत जातो. “आंगठा द्याचा म्हनते. मी म्हटलं, देऊ बाप्पा, कोन भांडते. पन आता तुमी दिसल्या. तुमी कायले आल्या, बाई?”

खुशालरावानं खोकला काढला. नत्थुजींनी दौतीत टाक बुडवला आणि विनाकारण झटकला. बाईंनी सभागृहात मंत्र्यांना पेचात टाकणारे प्रश्न विचारले होते. पंचवार्षिक योजनेवर विचारले होते, कापसाच्या भावावर विचारले होते. मंत्री अशा वेळी म्हणत, या प्रश्नाची आगाऊ सूचना मिळाली पाहिजे.

“माझंही वडिलांच्या शेताचंच काम आहे,” त्या म्हणाल्या.

“घ्याले आल्या का द्याले?”

“...बघू.”

“बघा मंग. तुमी देसान तं मीबी देतो. खासदार बाईच देते म्हटल्यावर मी काहून मनात ठेवू?” आणि ती जाऊन ओट्यावर बसली, कोणाची तरी गाडी यायची वाट पाहावी तशी, स्वस्थ.

ही धमकी नव्हती. धमकी असती तर तिला उत्तर होतं. हा विश्वास होता, आणि चुकीच्या दिवशी आला होता. पण बाई, माझी गोष्ट वेगळी आहे, माझं पोट शेतावर नाही, मला दिल्लीचा भत्ता आहे, माझ्या भावानं आबांचं सगळं केलं... सगळ्यांची गोष्ट वेगळीच असते. देवमननं बापाचं केलं नसेल? त्या उपरण्यावाल्यानं त्या दुपारी तेच तर विचारलं होतं, नि माझी गोष्ट वेगळी आहे असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं.

तरीही त्या सही करणार होत्या. पंचफुलाला नंतर समजावू. तिला स्वतंत्र सल्ला देऊ, पत्र लिहू. त्यांनी टाक हातात घेतला, आणि सवयीनं — सह्या करण्याआधी वाचायची सवय दिल्लीनं लावली होती, बाकी तिथलं बहुतेक न वाचताच मंजूर होत असे — त्या चतुःसीमेवरून नजर फिरवू लागल्या. पूर्वेस शालिकराम यांचे वावर. दक्षिणेस गाडीवाट. उत्तरेस पडीक. पश्चिमेस नाला.

पश्चिमेस नाला.

नाल्याकाठची काळी. आषाढात पाय घोट्यापर्यंत जायचा आणि बाहेर निघताना माती चप्प आवाज करायची. बाया सरत्यातून, त्या पेरणीच्या पोकळ नळीतून, जवारी सोडत तिफणीमागे चालायच्या, आणि एका वर्षी, मनकर्णा अकरा वर्षांची असेल, एक बाई आली नाही म्हणून आबांनी सरतं तिच्या हातात दिलं. मूठ जास्त उघडली की दाट, कमी उघडली की विरळ. दहा दिवसांनी उगवलं तेव्हा आबा तिला खांद्याला धरून बांधावर घेऊन गेले. बोटानं दाखवलं: एवढ्या सगळ्या वावरात एकच ओळ, पट्टीनं आखल्यासारखी, या टोकापासून नाल्यापर्यंत... मग म्हणाले, पोरीचा हात सारखा हाय. मग तिचं लग्न झालं. सारखा हात अमरावतीला मास्तरांच्या घरी पोळ्या लाटायला गेला, फळ्यावर लिहायला गेला, मत द्यायला वर झाला. पण सरतं पुन्हा त्या हातात कोणी दिलं नाही, आणि त्या हातानं मागितलं नाही, कारण मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. आणि त्यासाठी कायदा करायला दिल्लीला जावं लागलं आणि तिथे जाऊन मी काय म्हणाले? प्रश्न जमिनीचा नाही.

जमिनीचाच होता. सबंध वेळ जमिनीचाच होता. तत्त्व खुशालला देता येत होतं, आत्ता, बंधुप्रेमास्तव, लुगड्याशिवाय सुद्धा. वावर देता येत नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी, चष्मा लावून, खासदार असताना, भर कचेरीच्या आवारात आपल्याला एखादी वस्तू इतकी हवी असावी, लहान पोरीला हवी असते तशी, हे त्यांना इतकं ओशाळवाणं वाटलं की कान गरम झाले. अठरा एकरही नकोत. नऊ नकोत. नाल्याकडचे दोन...

आत रजिस्ट्रार साहेबांपुढे पुकारा झाला. ते पुण्याकडचे, तरुण, चष्मेवाले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि खुशालरावाला दिली नाही. पंचफुला दारातच येऊन उभी राहिली. तिच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती, कारण पाळी तिची पुढची होती. तो निळा अंगठा तिनं कशाला लागू नये म्हणून हवेत वेगळा धरला होता.

“दस्त वाचून दाखवला आहे ना? राजीखुशीनं देता आहात?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“म्हणजे वाचून दाखवला नाही?”

“वाचला. देत नाही.”

खुशालराव बहिणीकडे वळला. त्यानं लुगडं एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं.

“बाई, काहून व? मी काही बोललो का?”

“तू नाही बोलला, खुशाल.”

“आबाचं सारं मी केलं. तू तं दिल्लीले होती.”

“हो. होती.”

“मंग?”

आता तत्त्वानं धावून यावं, एखादं वाक्य द्यावं, सभापती महोदय असं काहीतरी. आलं नाही. बाईंच्या तोंडून जे निघालं ते तुरुंगाच्या, शाळेच्या, दिल्लीच्या आधीच्या भाषेत निघालं.

“मले पायजे ते वावर. नाल्याकाठचं. मले पेराचं हाय.”

खुशालरावानं लुगडं साहेबांच्या टेबलाच्या कडेला ठेवलं. मग इतकंच म्हणाला, “तुले? या वयात?” आणि त्या आवाजात राग होता, दुखावलेपण होतं, आणि तळाशी कुठेतरी, अकरा वर्षांच्या बहिणीच्या मागेमागे चिखलात पडलेल्या पोराचा निव्वळ अचंबाही होता. दारातल्या पंचफुलानं निळा अंगठा आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाला चांगला घासून पुसला, कोरं लुगडं देवमनच्या हातात दिलं, आणि ती बाहेर निघून गेली. देवमन तिच्यामागे, “थांब व, ऐक तं,” करत गेला.

बाईंना हलकं वाटत होतं; भीती वाटत होती; भावाकडे पाहवत नव्हतं आणि तरी आत कुठेतरी मूठ आपोआप अर्धी उघडली होती, दाणे सोडायला. हे बरं नव्हे, त्यांना वाटलं. हे मुळीच बरं नव्हे. हे त्यांना हवं होतं.

साहेबांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते पाटलाच्या पुस्तकातल्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल वाचत होते. मग त्यांनी टेबलावरचं कायद्याचं पातळ पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, पुन्हा नक्कल वाचली.

“बाई, तुम्ही सही केलीत काय किंवा नाही केलीत काय, सारखंच आहे,” ते म्हणाले. “यात तुमचा हिस्साच नाही. मेमध्ये नुसतं मतदान झालं होतं. कायदा लागू झाला सतरा जूनला.”

आबा चौदा जूनला वारले होते.